सूर्याआधीचा बर्फ

वादळ पहाटे उत्तरेला सरकलं आणि खारवलीच्या सड्यावर, गावामागच्या कातळी पठारावर, उजाडलं तेव्हा काजूची निम्मी झाडं आडवी झालेली होती. विजेचे खांब कलून एकमेकांच्या अंगावर पडले होते. तिथल्या संशोधन केंद्राची प्रमुख डॉ. यामिनी खानोलकर दारात उभी राहून खाली बंदराकडे पाहत होती. समुद्र अजून पांढराफटक होता आणि त्याचा आवाज एवढ्या उंचीवरही छातीत जाणवत होता.

केंद्राचं नाव आदिद्रव्य संशोधन केंद्र. ते अशा आडबाजूला बांधण्याचं कारण एकच होतं. एका धूमकेतूवर उतरून त्याच्या पोटातला बर्फ घेऊन आलेलं यान दीड वर्षापूर्वी परतलं. त्याची कुपी अरबी समुद्रात उतरली, आणि तो बर्फ रस्त्याने लांब नेण्याचा धोका कोणालाच पत्करायचा नव्हता. कुपी बोटीने खारवलीला आली आणि तिथून थेट सड्यावर. आत नारळाएवढा एक काळपट गोळा होता. तेव्हापासून तो तळघरातल्या पोलादी भांड्यात, द्रव नायट्रोजनच्या वेढ्यात, उणे एकशे नव्वद अंशांवर ठेवलेला होता.

यामिनीला रात्रभर काळजी होती ती त्या भांड्याची. हवेतून नायट्रोजन वेगळा काढून त्याचा द्रव करणारा प्लांट केंद्राच्या आवारातच होता, पण वादळात तो बंद ठेवावा लागला. साठ्याची टाकी तळाला गेली होती. प्लांट सांभाळणारी इंजिनिअर रेवती तांडेल खालच्या कोळीवाड्यातली मुलगी. घरचा फोन लागत नव्हता तरी ती जागची हलली नव्हती. तिने जनरेटर चालू केला, यंत्रणा पुन्हा थंड करायला घेतली, आणि दुपारपर्यंत नायट्रोजन मिळायला लागेल असं येऊन सांगितलं. तेव्हा कुठे यामिनीने चहाचा कप हातात घेतला.

तो प्यायच्या आत डॉ. हळदणकर आले.

खारवलीच्या सरकारी दवाखान्याचे ते प्रमुख. स्कूटर अर्ध्या वाटेत टाकून, पडलेल्या झाडांवरून चढत चिखलाने माखून आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. वादळाच्या भीतीने कोळीवाड्यातली माणसं बंदरावरच्या मासळीच्या बर्फ कारखान्यात आसऱ्याला गेली होती, कारण गावात पक्क्या सिमेंटची तेवढीच एक मोठी इमारत. पहाटे तिची एक भिंत कोसळली आणि बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाची नळी तुटली. अंधारात दार सापडेपर्यंत लोकांनी तो वायू छातीत घेतला. चाळीसच्या वर माणसं दवाखान्यात होती, बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. अमोनिया ओल्या जागी चिकटतो आणि भाजतो. डोळे, घसा, फुप्फुसं. फुप्फुसं आतून सुजली की श्वास घेऊनही उपयोग होत नाही, बाहेरून भरपूर ऑक्सिजन द्यावा लागतो. दवाखान्याचं ऑक्सिजन बनवणारं यंत्र पुराच्या पाण्यात बुडालं होतं. टाकीतला साठा दुपारपर्यंत पुरला असता. घाटात दरडी कोसळल्या होत्या, टँकर येणार नव्हता. अशा वाऱ्यात हेलिकॉप्टर उतरणार नव्हतं.

मग त्यांनी ज्यासाठी आले होते ते विचारलं. "मॅडम, तुम्ही मागे आम्हाला प्लांट दाखवला होतात. नायट्रोजन काढून घेतल्यावर उरलेला ऑक्सिजन हवेत सोडून देता, असं सांगितलं होतंत."

यामिनीने त्यांना समजावून सांगितलं. बाहेर सोडतात तो ऑक्सिजन निम्माशिम्मा, नायट्रोजन मिसळलेला. तो दवाखान्याच्या उपयोगाचा नाही. शुद्ध ऑक्सिजन हवा तर तयार झालेला सगळा द्रव नायट्रोजन प्लांटच्या उंच नळकांड्यातून पुन्हा खाली सोडावा लागतो, म्हणजे तो वर चढणाऱ्या वायूला धुऊन काढतो. तसं केलं की बर्फासाठी नायट्रोजनचा थेंबही उरत नाही. हवा तीच, प्लांट तोच. एका वेळी दोन्हींपैकी एकच मिळू शकतं.

"म्हणजे होऊ शकतं," हळदणकर म्हणाले.

"होऊ शकतं. पण मग माझा बर्फ जाईल."

बोलून झाल्यावर तो 'माझा' तिच्या कानांना टोचला. तिने त्यांना थांबायला सांगितलं आणि उपग्रह फोनवरून मोहिमेच्या मुख्यालयाशी बोलली. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, कोणाशी तरी बोलून परत फोन केला. मदतीचं जहाज ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन निघालं होतं आणि दुपारी खारवलीला लागणार होतं. तोवर नमुन्याला धक्का लागेल असं काही करू नये.

तिने तसंच हळदणकरांना सांगितलं. वर्कशॉपमधले ऑक्सिजनचे दोन सिलिंडर जीपमधून पाठवते म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि आले तसे चिखलातून उतरून गेले.

ते गेल्यावर रेवती दारात दिसली. तिने सगळं ऐकलेलं होतं. यामिनीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई तिथेच होती, मॅडम. कारखान्यात." आणि प्लांटकडे परत गेली.

*

सूर्य कसा जन्मला याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड थंड ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळू लागला. कोसळताना गरगरला, गरगरताना थापलेल्या भाकरीसारखा चपटा झाला. मधोमध सूर्य पेटला आणि भोवतीच्या चकतीत जे उरलं त्यातून ग्रह, चंद्र, धूमकेतू घडले. इथवर कोणाचं दुमत नाही. भांडण आहे ते त्याच्या आधीच्या घटकेचं. असे ढग आकाशात लाखो वर्षं नुसते तरंगत राहू शकतात. मग याच ढगाला कोसळायला कोणी लावलं?

यामिनीचा केंद्रातला जुना सहकारी डॉ. इरफान मुकादम याचं मत होतं की शेजारचा एखादा महाकाय तारा फुटला. त्या स्फोटाच्या धक्क्याने ढग दाबला गेला आणि ताऱ्याची राख त्यात मिसळली. यामिनीला ते पटत नव्हतं. तिच्या मते शेजारी तारा होता, पण तो तेव्हा फुटलेला नव्हता. म्हातारपणी असे तारे आपल्या अंगावरची आवरणं प्रचंड वाऱ्यासारखी बाहेर फेकत राहतात. त्या वाऱ्याने ढगाला रेटत नेलं, त्याचा काठ दाट झाला, आणि त्या काठात आपला सूर्य जन्मला. एकाच्या मते आपला जन्म अपघातातून झाला होता, दुसरीच्या मते कोणाच्या तरी म्हातारपणातून.

याचा निकाल लावणारा एक साक्षीदार होता. तारा फुटतो तेव्हा लोखंडाचा एक किरणोत्सारी प्रकार भरपूर तयार होतो, लोखंड-६०. नुसत्या वाऱ्यात तो नसल्यातच जमा असतो. हे लोखंड टिकत नाही. काळाच्या ओघात त्याचं निकेल-६० होतं. म्हणजे सूर्याबरोबर जन्मलेल्या धुळीच्या कणात जिथे लोखंड बसलेलं होतं, नेमक्या तिथे निकेल-६० जास्तीचं सापडलं, तर इरफान खरा. नाही सापडलं तर यामिनी खरी.

उल्कापाषाणांत हे शोधून झालं होतं आणि त्यांनी दोघांनाही दगा दिला होता. ते पाषाण कधीकाळी तापले होते, त्यांच्यातून पाणी वाहिलं होतं, आणि पाण्याबरोबर निकेल जागा सोडून गेलं होतं. एका प्रयोगशाळेला ते जास्तीचं निकेल मिळे, दुसरीला मिळत नसे. हवा होता तो जन्मापासून एकदाही न वितळलेल्या बर्फातला कण. त्यासाठी दोघांनी मिळून ती मोहीम उभी केली, लोकांचे उंबरे झिजवले, सभांमध्ये एकमेकांना खोडून काढलं आणि बाहेर येऊन एकाच टेबलावर जेवले. यान गेलं तेव्हा दोघांचे केस काळे होते.

आणि आता बर्फ आला होता, तर त्याला वाचायची घाई करता येत नव्हती. कणाचा अणूंचा एकेक थर सोलून मोजणारं यंत्र तळघरात बसवून झालं होतं. वर्षभर नकली नमुन्यांवर त्याची पारख चालली होती. खऱ्या बर्फाला पुढच्या महिन्यात हात लावायचा होता. त्या बर्फात अमोनियाही होता, धूमकेतूंच्या बर्फात तो असतोच. त्यामुळे तो शून्य अंशांवर नव्हे, उणे सत्त्याण्णवलाच पाझरू लागला असता. साध्या फ्रीजचा, अगदी प्रयोगशाळेतल्या खोल फ्रीजचाही, तिथे काही उपयोग नव्हता.

*

सिलिंडर न्यायला यामिनी स्वतः जीपमध्ये बसली. ड्रायव्हरला पाठवलं असतं तरी चाललं असतं. आपण का निघालो हे तिने स्वतःला विचारलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर चटया टाकलेल्या होत्या. डोळ्यांवर ओली फडकी बांधलेल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की त्यांना श्वास घेता येत नव्हता. कोणी रडत नव्हतं. रडायलाही श्वास लागतो. हळदणकर एका खाटेपासून दुसरीकडे जात होते आणि साठा पुरावा म्हणून ऑक्सिजनच्या नळीवरची चावी थोडी थोडी मागे फिरवत होते. यामिनीला पाहून ते थांबले, सिलिंडर कुठे लावायचे ते कंपाउंडरला सांगितलं आणि कामाला लागले. तिच्याशी बोलायला त्यांना वेळ नव्हता.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची चावी त्यांनी मागे फिरवली तेव्हा तिच्या सुनेने त्यांच्या हाताकडे पाहिलं. यामिनी दाराशी उभी होती. थोड्या वेळाने म्हातारीच्या छातीची हालचाल उथळ झाली, मग अडखळली, मग बंद पडली. हळदणकरांनी तिची नळी काढली, पुसली आणि शेजारच्या बाईला लावली. सुनेने सासूच्या हातातल्या बांगड्या सरळ केल्या.

यामिनी बाहेर आली. दवाखान्यासमोरून खाडीचं तोंड दिसायचं. तिथल्या रेतीच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या आणि फेस खाडीभर पसरत होता. बंदरावरचा एक म्हातारा नाखवा भिंतीच्या आडोशाला उभा होता. तिने त्याला विचारलं, दुपारी जहाज आत येईल का. त्याने समुद्राकडे पाहिलंही नाही. आज तरी नाही, म्हणाला, उद्याचंही सांगता येत नाही.

तिला हे सकाळी सड्यावरूनही दिसत होतं. ती पांढऱ्या पाण्याकडेच पाहत उभी होती. पण जहाज येणार आहे असं फोनवरच्या माणसाने म्हटलं आणि तिने ते मानलं, कारण तिला मानायचं होतं.

*

इरफान तळघरात बर्फाच्या भांड्यापाशी होता. यामिनीने दवाखान्यात पाहिलेलं त्याला सांगितलं आणि प्लांट ऑक्सिजनवर वळवायचं ठरवलंय तेही सांगितलं. त्याने जे विचारायचं ते सगळं विचारलं. जहाज उद्या आलं तर? वारा संध्याकाळी पडला आणि हेलिकॉप्टर आलं तर? असा बर्फ पुन्हा आणायचा तर यान बांधून, जाऊन, परत यायला पंचवीस वर्षं. पैसे कोण देणार, आणि देणारा विचारेल की मागचा कुठे गेला. आपण दोघं तोवर असणार नाही. आपल्याबरोबर मोहिमेत आयुष्य घालवून मेलेली माणसं आहेत, त्यांना काय सांगणार?

यातलं एकही खोटं नव्हतं. यामिनी एवढंच म्हणाली, "एक बाई माझ्यासमोर गेली, इरफान. मी नाही म्हटल्यानंतर."

इरफानने तोंड फिरवलं. खाडीच्या पलीकडच्या तीरावर त्याचं स्वतःचं गाव होतं, तिथल्याही बायका त्या कारखान्यात कोळंबी सोलायला येत. तो म्हणाला, "तू केंद्राची प्रमुख आहेस. तू ठरव. पण झडप मी फिरवणार नाही."

"ती मीच फिरवणार आहे," यामिनी म्हणाली.

रेवतीने सगळी तयारी करून ठेवली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिने ठेवली होती. नायट्रोजन साठवायची पिंपं तिने धुऊन, वाळवून रांगेत लावली होती. द्रव ऑक्सिजनला तेलाचा डागही चालत नाही. ग्रीसचं एक बोट लागलेलं असेल तरी पिंप पेट घेतं. तिने प्रत्येक पिंपाचा गळा पांढऱ्या फडक्याने पुसून फडकं उजेडात धरून पाहिलं होतं. ती झडपेकडे हात नेऊ लागली तेव्हा यामिनीने तिला अडवलं. तुझी आई तिथे आहे, ती म्हणाली. उद्या कोणी म्हणता कामा नये की हे तू केलंस. आणि तिने दोन्ही हातांनी चाक धरून, द्रव नायट्रोजन बर्फाकडे जायचा मार्ग बंद केला.

त्यानंतर मुख्यालयाला फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं की आपण हे करावं की नाही असं विचारता आहात का. ती म्हणाली, नाही, मी केलंय हे कळवते आहे.

नळकांड्यात शुद्धता चढायला वेळ लागला. रेवती शुद्धतेच्या मापकापाशी उभी राहून आकडे पुटपुटत होती. साठ. बहात्तर. ऐंशीवर येऊन ते अडकलं आणि खाली यायला लागलं. जनरेटरच्या विजेचा दाब पडला होता. रेवतीने केंद्राचे दिवे, पंखे, वातानुकूलन, सगळं तोडलं. तळघरातल्या मोजणीयंत्राची वीज तेवढी राहू दिली, इरफानने तसं सांगितलं होतं म्हणून. आकडा पुन्हा चढायला लागला. नव्वदच्या पुढे गेला तेव्हा दुपार कलायला लागली होती. पहिलं पिंप फिकट निळ्या द्रवाने भरलं, वाफाळत जीपमध्ये चढलं आणि चिखलातून सावकाश, फार सावकाश, खाली गेलं. पिंप कलंडलं तर सगळंच संपलं असतं, म्हणून रेवती त्याला धरून मागे बसली.

*

यामिनी तळघरात उतरली तेव्हा इरफानने यंत्र चालू केलेलं होतं. उजेडाला एक टॉर्च लावला होता. त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं की टाकीतलं उरलंसुरलं संपेपर्यंत आणि बर्फ तापेपर्यंत काही तास आहेत. सगळे कण वाचणं शक्य नाही. एक वाचता येईल.

"कोणता?" तिने विचारलं.

त्यावर त्यांचं नेहमीसारखं भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही. दोघांनीही पडद्यावर एकाच जागी बोट ठेवलं, गोळ्याच्या गाभ्याजवळ, जिथे ऊब सगळ्यात शेवटी पोचली असती.

थर सोलणारा यंत्राचा किरण कणावर रोखला गेला आणि थर सुटू लागले. भांड्याचं तापमान वर चढत होतं. उणे एकशे ऐंशी, एकशे साठ. एकशे पस्तीसच्या सुमारास बर्फाने रूप बदललं. असा बर्फ गोठतानाच्या घाईत अस्ताव्यस्त राहिलेला असतो, आणि ऊब मिळाली की एकदम शिस्तीत बसतो. बसताना स्वतः उष्णता सोडतो. भांड्यातून तडतडल्यासारखा बारीक आवाज आला. साडेचार अब्ज वर्षं कोंडलेले वायू सुटत होते. यामिनीने हात पुढे केला आणि भांड्याला न लावताच मागे घेतला. काट्याने एकदम उडी घेतली. इरफानने किरण थांबवला नाही.

तिच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. वर प्लांटचा घरघराट थांबू नये, आणि इथे हा कण संपू नये. मधूनच जीपचा आवाज येई, पिंप चढवल्याचा, मग पुन्हा जीपचा. दर खेपेला तिला वाटे, रेवती येऊन आईचं काहीतरी सांगेल. रेवती आली नाही.

आकडे यायला लागले तेव्हा तापमान उणे एकशे चारवर होतं. लोखंड जिथे जास्त, तिथे निकेल-६० जास्त. पुढचा थर, पुन्हा तसंच. त्याच्या पुढचा, तसंच. पडद्यावरचे ठिपके एका तिरप्या रेषेवर बसत गेले, कोणीतरी आधी आखून ठेवावी तशा. शेजारचा तो तारा वाऱ्याने शांतपणे कोणाला रेटत नव्हता. तो फुटला होता.

यामिनी स्टुलावर बसून राहिली. तिला हरल्यासारखं वाटलं नाही. आपण ज्या ताऱ्याच्या म्हातारपणावर तीस वर्षं बोललो, तसा तो नव्हताच.

इरफानने हात चोळले, चष्मा काढून ठेवला. तो हसलाही नाही. "एकच कण आहे," तो म्हणाला. मग तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवलं, आणि यंत्र बंद केलं.

थोड्या वेळाने बर्फाच्या पृष्ठभागावर ओल चमकली.

*

जहाज दोन दिवस बाहेरच ताटकळत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घाटातली दरड एका बाजूने फोडून टँकर खाली आला. तोवर प्लांट चालत होता आणि पिंपं खाली जात होती. त्या म्हातारीनंतर दवाखान्यात आणखी दोघी गेल्या, दोघीही पहिलं पिंप पोचायच्या आधी. नंतर कोणी गेलं नाही. टँकर आल्यावर रेवतीने प्लांट थांबवला, तिथेच पायरीवर बसली आणि बसल्याजागी झोपली.

भांड्यात वाटीभर काळसर पाणी उरलं. झाकण काढल्यावर डोळे झोंबले.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी समिती आली. सभ्य माणसं होती. त्यांनी यामिनीला विचारलं की एक दिवस थांबला असतात तर काय झालं असतं. तिने सांगितलं की अर्धा दिवस थांबल्याने काय झालं ते तिला माहीत आहे, त्या तिघींची नावं तिने सांगितली. समितीने ती लिहून घेतली. तिला केंद्राच्या प्रमुखपदावरून दूर केलं. वर्तमानपत्रांत काहींनी तिला देवी केलं, काहींनी मानवजातीचा ठेवा मोरीत ओतणारी बाई म्हटलं. तिने दोन्ही वाचणं सोडलं. उरलेल्या पाण्यावर काम करायला तिला आणि इरफानला एक खोली दिली गेली. त्या पाण्यातून इतर बरंच कळत होतं, फक्त तिला हवं ते नाही.

आणि मग त्या दोघांचं भांडण लागलं, इतक्या वर्षांत लागलं नव्हतं असं.

यामिनीला तो एक कण जगापुढे मांडायचा होता. इरफान तयार नव्हता. पावसाळा सरता सरता ते दोघं रेवतीच्या आईला बघायला दवाखान्यात गेले, तिथेही तेच चाललं होतं. रेवतीची आई, जनाबाई, अजून तिथेच होती. फुप्फुसं पूर्ववत होणार नव्हती, पण नळीशिवाय व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत येत होती. त्या दिवशी ती खाटेवर बसून कोळंबी कशी सोलू नये हे शेजारच्या बाईला सांगत होती. या दोघांना तिने बसायला सांगितलं. विचारपूस झाली आणि ते खिडकीपाशी सरकले.

इरफान म्हणत होता की उणे एकशे चारपासून उणे सत्त्याण्णव फार लांब नाही. किरण जिथे पडत होता तिथे ऊब जास्त असणार. तिथे अमोनिया पाझरला असेल, निकेल सरकलं असेल, ठिपके फसवे असतील. एका कणावर, त्यातही बिघडत चाललेल्या, तो आपलं नाव लावणार नव्हता. यामिनी म्हणत होती की निकेल सरकलं असतं तर ते इतक्या सरळ रेषेत बसलं नसतं, पसरलं असतं. गाभा शेवटपर्यंत थंड होता. ती आकडे देत होती, तो ते खोडत होता.

"अरे, तुझं म्हणणं खरं ठरतंय," ती म्हणाली.

"म्हणूनच मला जास्त पुरावा हवा."

"आणि माझं खोटं ठरतंय. मग मी कशाला लपवू?"

"कारण उद्या कोणी म्हणेल, बर्फ घालवला, त्याची भरपाई म्हणून या दोघांनी उत्तर घडवून आणलं. तू तुझं मत मोडून देतेस, मला ते असं फुकट नको. तुझा वारा एवढ्यावर मरत नाही, यामिनी. मी मरू देणार नाही."

दोघांचेही आवाज चढले होते. तीस वर्षं तो ज्या युक्तिवादांनी तिच्यावर तुटून पडला होता तेच ती आता त्याच्यावर उलटवत होती, आणि तिच्या वाऱ्याच्या बाजूने तो असं काही बोलत होता की तिलाही कधी सुचलं नव्हतं. व्हरांड्यात चार-पाच बायका डोळे उघडून ऐकत होत्या.

"हळू बोला गो," जनाबाई म्हणाली. तिचा आवाज अजून घोगरा होता. "ती सखू आत्ता कुठे पाठ टेकून झोपली. इतके दिवस बसूनच होती."

यामिनीने वळून पाहिलं. भिंतीकडच्या खाटेवर एक बाई उताणी, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. अंगावर दवाखान्याचं निळं पांघरूण होतं. ते एका लयीत वर जात होतं, खाली येत होतं.

इरफानने चपला हातात घेतल्या. ते दोघं पावलांचा आवाज न करता अंगणात गेले, पारावर बसले, आणि दबक्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.